लहान राज्याचे वजन : मलिक अंबराची मसलत

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपल्याकडे लहान मुलाच्याही तोंडी असते, आणि राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहाराकडे पाहिले म्हणजे ती अक्षरशः खरी वाटू लागते. ज्याच्यापाशी सैन्य मोठे, खजिना भरलेला आणि मुलूख विस्तीर्ण, त्याने हुकूम सोडावा आणि दुबळ्याने तो शिरसावंद्य मानावा, असाच जगाचा रिवाज आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु इतिहास बारकाईने वाचणाऱ्यास मधून मधून एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. एखादे लहानसे राज्य शेजारच्या महासत्तेच्या एका फटकाऱ्याने नाहीसे व्हावे अशा स्थितीत असते, तरी ते वर्षानुवर्षे टिकून राहते. इतकेच नव्हे, तर त्याचा विचार घेतल्यावाचून थोरामोठ्यांचेही पाऊल पुढे पडत नाही. हे वजन त्या राज्यास कोठून प्राप्त होते, आणि प्राप्त झालेले वजन पुढे कशाने नाहीसे होते, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

या विचारासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगराकडे जाणाऱ्या सडकेवर, शहरापासून थोड्याच अंतरावर वाळूज हे गाव लागते. आज वाळूज म्हटले म्हणजे गेल्या चार दशकांत उभी राहिलेली कारखान्यांची वसाहत डोळ्यांपुढे येते. परंतु या गावाच्या भोवताली नजर टाकावी. उत्तरेस दौलताबादचा दुर्गम किल्ला आहे. ईशान्येस जे शहर आहे त्याचे मूळ नाव खडकी. दक्षिणेस गोदावरी वाहते, आणि नदी ओलांडून नैर्ऋत्येकडे गेले म्हणजे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, लागते. सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत हाच टापू एका लहान राज्याचे हृदयस्थान होता. ते राज्य म्हणजे निजामशाही, आणि तिचा सूत्रधार मलिक अंबर.

प्रथम त्या राज्याची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. मलिक अहमदाने १४९० साली स्थापिलेली ही निजामशाही एके काळी दक्षिणेतील प्रमुख सत्तांपैकी एक होती. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस घरच्या भांडणांनी ती पोखरून गेली, आणि नेमक्या त्याच वेळी उत्तरेकडून अकबर पातशाहाची दृष्टी दक्षिणेकडे वळली. १५९५ साली मोगलांनी अहमदनगरास वेढा घातला तेव्हा चांदबिबीने तो किल्ला शौर्याने लढविला. तरी पुढील वर्षी वऱ्हाड देऊन तह करावा लागला. १६०० साली मोगल पुन्हा आले. या खेपेस किल्ल्यातच फितूर माजला, चांदबिबी स्वतःच्याच लोकांकडून मारली गेली, आणि ऑगस्ट महिन्यात अहमदनगर पडले. अल्पवयी सुलतान बहादूर निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. राजधानी गेली, राजा गेला, वऱ्हाड गेले. काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेल्या पातशाहीसमोर काही डोंगरी किल्ले आणि पांगलेले सरदार एवढेच काय ते शिल्लक उरले.

अशा वेळी जो मनुष्य पुढे आला त्याचा पूर्ववृत्तांत विलक्षण आहे. मलिक अंबर हा जन्माने हबशी. आफ्रिकेतील हबसाण देशात सोळाव्या शतकाच्या मध्यास तो जन्मला, बाळपणीच गुलाम म्हणून विकला गेला, आणि बगदादच्या बाजारातून अखेरीस दक्षिणेत पोहोचला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यास विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या हाताखाली अंबरास दरबाराचे, लष्कराचे आणि मुलकी कारभाराचे शिक्षण मिळाले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला, काही काळ विजापुरास चाकरी करून आला, आणि पुन्हा निजामशाहीत परतला. ना कुळाचे पाठबळ, ना वंशपरंपरेची जहागीर. हाती होती ती थोडीशी फौज आणि माणसे ओळखण्याची बुद्धी.

या मनुष्याने पहिली गोष्ट कोणती केली? त्याने एक राजा शोधून काढला. निजामशाही घराण्यातील एका पुरुषास परंड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून त्याने गादीवर बसविले आणि आपली कन्या त्यास दिली. वरवर पाहता ही एक औपचारिक गोष्ट वाटते; परंतु लहान राज्याच्या राजकारणाचे पहिले मर्म येथेच आहे. तलवारीच्या जोरावर थोडा मुलूख दाबून बसलेल्या सरदारास शेजारचे राजे बंडखोर किंवा लुटारू समजतात. त्याच्याशी तह करीत नाहीत, त्याच्या दरबारी वकील ठेवीत नाहीत. मात्र ज्याच्या मस्तकी शंभर वर्षांच्या गादीचे छत्र आहे, त्याच्याशी व्यवहार करण्यास कोणासही संकोच वाटत नाही. दुबळ्या सत्तेला आधी इतरांकडून 'तू आहेस' एवढे कबूल करून घ्यावे लागते. मोठ्या राज्यास या कबुलीची फारशी गरज भासत नाही. लहान राज्याचे मात्र तेच पहिले भांडवल असते.

या चित्राला एक काळी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सुमारे दहा वर्षांनी अंबराचे आणि मुर्तजाचे बिनसले, आणि मुर्तजाचा अंत होऊन त्याचा लहान मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. १६१७ साली अंबरास भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने हा अंत विषप्रयोगाने झाल्याचे लिहून ठेविले आहे. गादीचा मान राखणारा कारभारी गादीवरच्या मनुष्याची पर्वा करीलच असे नाही, हे यावरून दिसते.

दुसरे मर्म भूमीचे आणि काळाचे. मोगलांचे दक्षिणेतील ठाणे बऱ्हाणपूर. तेथून फौज निघाली म्हणजे तिला खानदेश किंवा वऱ्हाडातून घाट चढून बालाघाटात यावे लागे. बरोबर जड तोफखाना, हत्ती, उंट, बाजारबुणगे आणि सरदारांचा सारा सरंजाम. अशा फौजेशी समोरासमोर उभे राहणे म्हणजे आत्मघातच. अंबराने ते टाळले. चपळ घोडेस्वारांच्या टोळ्या, ज्यांस फारशी तवारिखा बारगीर म्हणतात, त्याने मोगलांच्या भोवती सोडल्या. त्यांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. या स्वारांनी रसद तोडावी, वैरण जाळावी, पिछाडीवर हल्ला करावा आणि शत्रू वळला की डोंगरात नाहीसे व्हावे. मोगलांस विजय हवा होता, आणि तोही लवकर. कारण दरबारात प्रत्येक सेनापतीचे हितशत्रू टपून बसलेले असत. अंबरास केवळ न हरणे पुरेसे होते. ज्याला जिंकण्याची घाई आहे आणि ज्याला टिकण्याचे धैर्य आहे, अशा दोघांच्या झुंजीत काळ हा नेहमी दुसऱ्याचा पक्षपाती असतो.

याचे प्रत्यंतर लौकरच आले. १६०७ पर्यंत अंबराने राजू दखनी या घरच्या प्रतिस्पर्ध्यास पकडून राज्यातील दुफळी मिटविली आणि जुन्नरास राजधानी केली. १६०८ साली जहांगीर पातशाहाने अनुभवी खानखानान अब्दुर्रहीम यास दक्षिणेवर पाठविले. दोन वर्षांत त्याची मोहीम इतकी फसली की १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाच मोगलांच्या हातून निसटून पुन्हा निजामशाहीत आला, आणि राजधानी दौलताबादेस गेली. १६११ मध्ये पातशाहाने दोन बाजूंनी एकदम चढाई करण्याचा बेत केला. एक फौज वऱ्हाडाकडून यावयाची, दुसरी अब्दुल्लाखानाने गुजरातेतून आणावयाची. परंतु विजयाचे श्रेय एकट्यास मिळावे या हव्यासाने अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. दौलताबादेपर्यंत तो आला खरा. पण वाटेत मराठी स्वारांनी त्याची अशी दुर्दशा केली होती की बागलाणच्या वाटेने त्यास जीव घेऊन परतावे लागले. मोठ्या सत्तेचे सरदार एकमेकांचा मत्सर करतात, ही लहान राज्यास मिळालेली न मागितलेली कुमकच होय.

आता तिसरे मर्म. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही ही दोन्ही राज्ये निजामशाहीहून सधन होती, आणि आदिलशाहीचे तर निजामशाहीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. असे असता १६०९ च्या सुमारास इब्राहीम आदिलशहाने कंधारचा किल्ला अंबराच्या स्वाधीन केला आणि मोगलांशी लढण्यास त्यास मदत दिली. ही उदारता नव्हती. निजामशाहीचा मुलूख म्हणजे विजापूर आणि मोगल यांच्यामधली भिंत. ती कोसळली तर मोगलांचे घोडे भीमेचे पाणी पितील, हे इब्राहीम पूर्ण जाणून होता. आपल्या दुबळेपणाचे मोल शेजाऱ्यास कसे पटवावे ही कला अंबरास साधली होती. 'मी वाचावे अशी तुमचीच गरज आहे' असे तो न बोलता सांगत होता.

या युक्तिवादाचे सामर्थ्य किती होते ते पुढल्या एका आकड्यावरून दिसेल. १६२१ साली शहाजादा खुर्रमने, ज्याला तोवर शाहजहान हा किताब मिळाला होता, दक्षिणेत मोहीम करून जो तह लादला, त्यात पन्नास लक्षांची खंडणी ठरली. तिची वाटणी पाहा: निजामशाहीने बारा लक्ष द्यावे, विजापूरने अठरा लक्ष आणि गोवळकोंड्याने वीस लक्ष. युद्धाचे मूळ कारण अंबर. परंतु खंडणीचा सर्वांत हलका वाटा त्याचा. लहान राज्याची लढाई ही साऱ्या दक्षिणेची लढाई झाली होती, म्हणून तिचा भुर्दंडही साऱ्या दक्षिणेने उचलला.

याच तहावरून चौथे मर्मही कळते. ते म्हणजे नमते घेण्याची कला. १६१६ च्या आरंभी जालन्याजवळ रोषणगावी अंबराचा मोठा पराभव झाला. लखूजी जाधवरावांसारखे मातबर मराठे सरदार त्यापूर्वीच मोगलांकडे गेले होते. विजयी मोगल फौज थेट खडकीत शिरली आणि अंबराने नुकतीच वसविलेली ती नगरी तिने जाळून उद्ध्वस्त केली. पुढल्या वर्षी शहाजादा खुर्रम बऱ्हाणपुरास येताच अंबराने हट्ट धरला नाही. विजापूरच्या मध्यस्थीने त्याने बालाघाटातला मुलूख आणि अहमदनगरचा किल्ला परत केला. मानी मनुष्यास हे लाजिरवाणे वाटेल. परंतु मोगलांची मोठी फौज उत्तरेस परतताच अंबराने तो मुलूख पुन्हा घेतला. १६२१ मध्ये पुन्हा मार खाल्ला, पुन्हा तह केला, आणि पुन्हा उभा राहिला. दिलेला मुलूख परत घेता येतो. बुडालेली फौज मात्र पुन्हा उभी राहत नाही. म्हणून भूमी सोडावी परंतु माणसे राखावी, असा त्याचा हिशेब होता. खडकी पुन्हा वसली. डोंगरातले पाणी भूमिगत नळांनी शहरात आणणारी त्याची नहर 'नहर-ए-अंबरी' या नावाने आजही ओळखली जाते.

पाणी आणणारा आणि शेतसाऱ्याची व्यवस्था लावणारा हा कारभारी युद्धाइतकाच मुलकी कामात दक्ष होता. त्याची जमाबंदीची पद्धत त्याच्यामागे शतकानुशतके महाराष्ट्रात नावाजली गेली. जमिनीचा मगदूर आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवावा, असे तिचे मुख्य धोरण. ज्या राज्याची रयत पळून जाते त्या राज्यास स्वार पोसता येत नाहीत, आणि ज्यास स्वार पोसता येत नाहीत त्याच्या वकिलाचा शब्द परदरबारात कोणी ऐकत नाही. परराष्ट्रकारणाचा पाया असा गावच्या पांढरीत आणि काळीत असतो.

श्रोतेहो, या साऱ्या मसलतीची निर्वाणीची परीक्षा १६२४ साली झाली. शाहजहानने बापाविरुद्ध बंड उभारले होते, आणि त्याचा पाठलाग करीत मोगल सेनापती महाबतखान बऱ्हाणपुरास आला होता. त्या सुमारास अंबर आणि आदिलशहा यांचे पुन्हा फाटले, आणि दोघांनीही महाबतखानाकडे मैत्रीसाठी संधान बांधले. मोगल ज्याचा हात धरील त्याची सरशी होणार हे उघड होते. महाबतखानाने विजापूरचा हात धरला. अंबर एकटा पडला. लहान राज्याच्या आयुष्यात याहून भयंकर प्रसंग नाही: दोन बलिष्ठ शेजारी एक झाले आणि मधल्याचे मोल संपले.

अंबर हातावर हात ठेवून बसला नाही. तो त्वरेने गोवळकोंड्याच्या सरहद्दीवर गेला, कुतुबशहाकडून थकलेली रक्कम वसूल केली आणि त्याच्याशी परस्परसंरक्षणाचा करार केला. पाठ अशी सुरक्षित करून त्याने बिदराकडील आदिलशाही फौजेवर अकस्मात झडप घातली आणि पाठोपाठ खुद्द विजापुरास वेढा दिला. आदिलशहाने घाबरून बऱ्हाणपुराकडे गेलेली आपली फौज मुल्ला महंमद लारी या सेनापतीसह माघारी बोलाविली. तिच्याबरोबर मोगलांची फौजही निघाली. अंबर मागे हटू लागला. त्याने मोगल सरदारांस विनविले की, माझे आणि आदिलशहाचे जुने भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. कोणी ऐकले नाही. अखेर अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने पाय रोवले. तेथील तलावाचा बांध त्याने फोडला. शत्रूच्या वाटा चिखलाने भरल्या, रसद तुटली, उपासमार होऊ लागली, आणि शत्रूकडील लोक फुटून त्याच्याकडे येऊ लागले. मग त्याने हल्ला केला. मुल्ला महंमद लारी पडला, मोगलांचे नामांकित सरदार कैद होऊन दौलताबादेस गेले. या लढाईत निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढत होते. त्यांचे बंधू शरीफजी येथेच धारातीर्थी पडले.

भातवडीनंतर अंबराचे वजन किती वाढले? ज्या शाहजहानने त्यास दोन वेळा नमविले होते, तोच शाहजहान बापाशी बंड करून परागंदा झाल्यावर आसऱ्यासाठी दक्षिणेत आला, आणि अंबराच्या फौजेच्या साहाय्याने त्याने मोगलांच्या बऱ्हाणपुरास वेढा घातला. उद्याच्या पातशाहाने कालच्या गुलामाची मदत घ्यावी, हा काळाचा महिमा. जहांगिराच्या मनात तर हा मनुष्य काट्यासारखा सलत होता. अबुल हसन या त्याच्या दरबारी चित्रकाराने काढलेले एक चित्र डब्लिन येथील संग्रहात आहे. त्यात पृथ्वीगोलावर उभा राहून जहांगीर भाल्यावर रोवलेल्या मलिक अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात तो बाण कधी सुटलाच नाही. हिंदुस्थानच्या पातशाहास जो शत्रू रणात सापडला नाही त्याला चित्रात मारावे लागले, यापरते त्या शत्रूच्या प्रभावाचे दुसरे प्रमाणपत्र कोणते? आणि अंबराच्या मृत्यूनंतर मोगलांच्याच पदरच्या मुतमदखान या इतिहासकाराने त्याच्या युद्धनैपुण्याची आणि कारभाराची प्रशंसा लिहून ठेविली.

ही गोष्ट केवळ दक्षिणेतच घडत होती असे नाही. त्याच काळी युरोपात नेदर्लंड्सचे लहानसे प्रजासत्ताक स्पेनच्या अवाढव्य साम्राज्याशी झुंजत होते. तेथेही १५७४ साली लायडन शहराचा वेढा उठविण्यासाठी समुद्राचे बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती पाणी सोडण्यात आले होते. तेथेही इंग्लंडने आणि फ्रान्सने डचांस मदत केली ती प्रेमाने नव्हे, तर स्पेन आपल्या दाराशी येऊ नये म्हणून. १६०९ साली, म्हणजे अंबरास कंधार मिळाले त्याच सुमारास, स्पेनला डचांशी बारा वर्षांचा तह करावा लागला. १६१७ मध्ये अंबरास भेटलेला तो व्यापारी याच प्रजासत्ताकाचा नागरिक होता. दोघांच्याही देशांनी एकाच तऱ्हेने तग धरलेला. मात्र पुढे दोहोंच्या वाटा भिन्न झाल्या. डच प्रजासत्ताकास १६४८ साली स्पेनने स्वतंत्र म्हणून मान्यता दिली. निजामशाही त्याआधीच बारा वर्षे नकाशावरून पुसली गेली होती.

असे का झाले? अंबर १६२६ च्या मे महिन्यात, सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान कारभारी झाला. किल्ले तेच, घाट तेच, स्वारही तेच. पण ज्या विश्वासाने ही सर्व सामग्री एकत्र बांधलेली होती तो विश्वास उरला नाही. डचांची सत्ता नगरसभांत आणि प्रांतिक सभांत विभागलेली होती. एक पुढारी गेला तरी संस्था उरत. अंबराची मसलत एकट्या अंबराच्या डोक्यात होती. १६२९ साली निजामशहाने लखूजी जाधवरावांस दौलताबादेस दरबारात बोलावून दगा देऊन मारविले. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलांनाही जीव गमवावा लागला. ज्या मराठे सरदारांच्या घोड्यांवर हे राज्य उभे होते त्यांची मने त्या दिवशी राज्यावरून उडाली. लखूजींचे जावई शहाजीराजे काही काळ मोगलांस जाऊन मिळाले. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात. त्यातच १६३० पासून दोन वर्षे दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतले, आणि आणखी एक निजामशहा ग्वाल्हेरच्या बंदिखान्यात गेला.

शहाजीराजांनी मात्र अंबराचा धडा पुरता गिरविलेला होता. परत फिरून त्यांनी निजामशाही घराण्यातील एक लहान मूल शोधले, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्यास गादीवर बसविले आणि विजापूरच्या पाठबळाने जवळजवळ तीन वर्षे झुंज दिली. पण १६३६ साली शाहजहान पातशाहा स्वतः दौलताबादेस आला, आणि त्याने आदिलशहापुढे एक मोह ठेवला: निजामशाहीचा मुलूख आपण दोघे वाटून घेऊ. आदिलशहाने तो स्वीकारला. सुमारे पन्नास परगणे त्यास मिळाले. वीस लक्षांची पेशकश त्याने कबूल केली. माहुलीच्या किल्ल्यात शहाजीराजांस हत्यार खाली ठेवावे लागले. मधली भिंत शेजाऱ्याने आपल्याच हातांनी पाडली आणि तिच्या विटा घरी नेल्या. त्या वेळी विजापुरास तो मोठा लाभ वाटला असेल. बरोबर पन्नास वर्षांनी, १६८६ मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतले; १६८७ मध्ये गोवळकोंडा. इब्राहीम आदिलशहास जे १६०९ मध्ये कळले होते, ते त्याच्या वारसांनी १६३६ मध्ये विसरण्याची ही किंमत.

तथापि धडा वाया गेला नाही. शहाजीराजांचे पुत्र शिवाजी महाराज यांनी राज्य स्थापिले तेव्हा तेही मोगल, आदिलशाही, पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज यांच्या कचाट्यातले एक लहान राज्यच होते. अंबराचे शहाणपण त्यांत दिसते: डोंगरांचा आश्रय, प्रसंगी नमते घेणारे तह, रयतेच्या साऱ्याची व्यवस्था, आणि १६७७ मध्ये कुतुबशहाशी जोडलेले सख्य. परंतु अंबरात ज्या दोन उणिवा होत्या त्या महाराजांनी भरून काढल्या. दुसऱ्याच्या गादीचे छत्र उसने न घेता १६७४ साली त्यांनी स्वतःस राज्याभिषेक करविला. त्या समारंभास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन नजराणा घेऊन हजर होता. आणि राज्यकारभार एका माणसावर न ठेवता अष्टप्रधानांत वाटून दिला. म्हणूनच संभाजी महाराजांची हत्या झाली, राजधानी रायगड पडली, आणि छत्रपती राजाराम महाराजांस दूर जिंजीस जावे लागले, तरी ते राज्य निजामशाहीप्रमाणे विझले नाही.

आजच्या जगातही लहान राष्ट्रांची साधने फार निराळी नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या एकशे त्र्याण्णव सभासदांत कित्येक राष्ट्रे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी आहेत. त्यांपैकी माल्टा हे बेट १९६४ साली स्वतंत्र झाले, आणि तीनच वर्षांनी त्याचा प्रतिनिधी आर्विद पार्दो याने महासभेत मागणी केली की, समुद्रतळाची संपत्ती साऱ्या मानवजातीची मानावी. त्या भाषणातून सुरू झालेली वाटाघाट १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारापर्यंत पोहोचली. प्रशांत महासागरातील वानुआतू या सुमारे तीन लक्ष वस्तीच्या राष्ट्राने इतर राष्ट्रांस बरोबर घेऊन २०२३ साली महासभेत ठराव संमत करविला, आणि हवामानबदलाविषयी राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयास २०२५ साली आपले मत द्यावे लागले. या दोहोंपाशी आरमार नाही, खजिना नाही. आपले दुःख हे साऱ्यांचे दुःख आहे, हे त्यांनी इतरांस पटवून दिले, एवढेच त्यांचे बळ. अंबराने हेच विजापुरास पटविले होते.

सारांश, लहान राज्याचे वजन हे पेढीवरच्या पतीसारखे असते. ती पत शेजाऱ्यांच्या गरजेतून आणि घरच्या माणसांच्या विश्वासातून निर्माण होते. पहिलीचा उपयोग चतुराईने करून घेता येतो. दुसरा मात्र न्यायानेच राखावा लागतो, आणि तो एकदा दवडला म्हणजे चतुराईही निष्फळ होते. मोगलांच्या तोफांनी पंचवीस वर्षांत जे साधले नाही, ते दौलताबादच्या दरबारातल्या एका दग्याने साधण्याचा मार्ग मोकळा केला. राज्य लहान असो वा मोठे, ज्यांच्या भरवशावर ते उभे असते त्यांस दरबारात बोलावल्यावर ते सुखरूप घरी परत जातील अशी खात्री वाटली पाहिजे. परराष्ट्रांच्या दरबारी राज्याचा शब्द चालावयाचा असेल, तर तो आधी घरात खरा ठरावा लागतो.